उभ्या गाडीलाच जास्त काम असतं

आमच्या दारात टाटा १२१० ट्रक आहे, १९८२ चं मॉडेल, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता एकच विचारतो, भंगारात का घालत नाही. लोखंडाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो, किलोला किती आणि गाडीचं वजन किती, लगेच गुणाकार करून दाखवतात. त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण गाडी आबांची आहे, त्यांनी तिच्यावर कोल्हापूरचा गूळ मुंबईला आणि गुजरातला पोचवला, हंगामात कारखान्याला ऊस ओढला, आणि आता पंच्याहत्तरीत पण सकाळी उठल्यावर पहिला फेरा गाडीभोवतीच असतो. त्यामुळं भंगाराचा विषय आमच्यात निघत नाही. असो. आज लिहायचंय ते ग्रीस, डिझेल आणि रबराबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. गाडी रोज पळत होती तेव्हा तिनं जेवढा त्रास दिला नाही तेवढा उभी राहिल्यावर दिला. चालत्या गाडीची झीज होते, झिजलेला पार्ट बदलला की विषय संपतो, दुकानात जाऊन आणता येतो. उभ्या गाडीचं तसं नाही, ती चारी बाजूंनी हळूहळू सडते आणि कुठं सडलीय ते चालवायला काढल्याशिवाय दिसत नाही.

आता गाडीची ओळख. १२१० म्हणजे ढोबळमानानं बारा टनी गाडी आणि शंभर हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. इंजिनाच्या नंबरचं पण असंच आहे, ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ चा बोअर, ४९७ म्हणजे तोच बोअर पण चार सिलिंडर. आमच्या गाडीत आधी ६९२ होतं, त्याची क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) गेल्यावर आबांनी ६९७ बसवून घेतलं आणि आरसी बुकावर रीतसर चढवून पण घेतलं (हे फार लोक करत नाहीत आणि मग पासिंगला बोंब होते). ६९७ चं माप ९७ बाय १२८ (बोअर आणि पिस्टनची धाव), एकूण ५६७५ सीसी, म्हणजे हुबेहूब मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचं माप. टाटांच्या टेल्को कंपनीनं १९५४ साली डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ ला करार संपला, नाकावरचा तारा गेला आणि तिथं टाटांचा टी आला, पण आतलं घराणं तेच राहिलं. आबांच्या वयाचे ड्रायव्हर अजून टाटा-बेंझच म्हणतात.

ह्याचा आज फायदा असा की ह्या इंजिनाचे पार्ट मिळायला काही अडचण नाही. इतके ट्रक, इतक्या बसेस ह्याच इंजिनावर चालल्या की कोल्हापुरात उद्यमनगरात गेलं की गॅस्केट किट, रिंगा, बेअरिंग, वॉटर पंपाचं किट, सगळं एका गल्लीत मिळतं. आणि जे मिळत नाही ते बनवून देणारा माणूस पुढच्या गल्लीत बसलेला असतो, क्रँक ग्राइंड करा, हेड प्लेन करा, बुश टर्न करून घ्या. ज्यांच्याकडं बाहेरच्या देशातला जुना ट्रक आहे त्यांची व्यथा वेगळी असेल, आमची व्यथा इंजिनाची नाहीच.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. आठवड्यातून एकदा सेल्फ मारायचा, पाच-दहा मिनिटं जाग्यावर चालू ठेवायची, दोनदा अॅक्सिलेटर दाबून गुरगुर ऐकायची आणि बंद करायची, की झाली गाडीची देखभाल. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डिझेल इंजिन जाग्यावर रिकामं चालवून नीट गरमच होत नाही, त्यात एवढं मोठं लोखंड, त्याला तापायला वेळ लागतो. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, ते थोडंथोडं रिंगांच्या कडेनं खाली ऑइलात उतरतं, आणि जळताना तयार झालेली वाफ आतच थंड होऊन पाणी होते. म्हणजे आपण गाडीची काळजी घेतोय असं समजून तिच्या ऑइलात दर आठवड्याला पाणी आणि डिझेल घालत असतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट साय दिसायला लागली की समजायचं हेच चाललंय. (हेड गॅस्केट गेलं तरी तसंच दिसतं, पण मग रेडिएटरचं पाणी पण कमी होतं, आधी ते बघा, लगेच हेड उघडायला घेऊ नका.)

त्यातच जुन्या मेस्त्रींनी एक फॅशन करून ठेवलेली, गाडी गरम होतेय काय, काढ थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हाल्व्ह). आमच्या गाडीतला पण कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला होता, घाटात लोड घेऊन चढताना त्याचं काही वाटत नसेल, पण आता गाडीला काम कमी, त्यामुळं काटा कधी वर येतच नव्हता. नवीन बसवला, आता काटा ८० च्या आसपास जाऊन थांबतो आणि धूर पण सुधारला. फार पैशाचं काम नाही हे.

म्हणून आमच्यात नियम असा केलाय की चालू करायची तर बाहेर काढायची, आणि बाहेर काढायची तर दहा-पंधरा किलोमीटर तरी फिरवायची, आणि जमलं तर रिकामी नाही. घरचं शेणखत रानात टाकायचं असतं, माती असते, काहीतरी निघतंच. मागं वजन असल्याशिवाय ह्या गाडीचे पाटे (स्प्रिंगा) हलत पण नाहीत, रिकामी गाडी खड्ड्यातून नेली की मणक्याला कळतं पाटे किती कडक आहेत ते. वजन टाकलं की इंजिन तापतं, ब्रेक वापरात येतात, ड्रमला आतून धरलेला गंज घासून निघतो, गिअरबॉक्स आणि क्राऊनमधलं (मागच्या एक्सलच्या गिअरमधलं) ऑइल सगळीकडं फिरतं, सीलं ओली होतात. एक फेरी मारून जेवढी देखभाल होते तेवढी दिवसभर पाने घेऊन खाली झोपून होत नाही.

डिझेलचं. पावसाळ्याच्या आधी टाकी भरून ठेवायची, पैसे अडकतात पण इलाज नाही, टाकी जेवढी रिकामी तेवढी आत हवा, हवेतला दमटपणा रात्री थंड पत्र्यावर पाणी होऊन खाली बसतो आणि तळ गंजायला लागतो. पाऊस संपला की खालचा ड्रेन प्लग सैल करून थोडं डिझेल बाटलीत काढून बघायचं, खाली पाण्याचा थर दिसला तर थर संपेपर्यंत काढायचं. फिल्टरच्या वाटीत चिकट शेवाळासारखं काहीतरी सापडलं तर टाकी उतरवूनच धुवावी लागते, नुसते फिल्टर बदलून भागत नाही, पुढच्या फेरीला परत तेच.

आणि फिल्टर बदलला, किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिली, की गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरते. सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, लोक बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसतात आणि मग सेल्फवाल्याकडं जातात. बाबांनो, आधी एअर काढा. डिझेल पंपाच्या अंगाला फीड पंप असतो, त्याला हातानं दाबायचा छोटा पंप असतो, वरची मुंडी सोडवून तो मोकळा करायचा. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड आलं की हातपंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, ह्याला दोन माणसं असली तर बरं. तसंच मेन पंपावरच्या स्क्रूचं. तरी नाही पकडली तर नोजलच्या दोन पाइपांचे नट जरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल पिचकायला लागलं की आवळायचे. इथं हात पुढं करायचा नाही, नोजलला जाणाऱ्या डिझेलला २०० बारच्या घरातलं प्रेशर असतं आणि ते कातडीतून आत जातं, दिसायला बारीक टोचल्यासारखं, पण ती दवाखान्याचीच केस असते. बँजो बोल्ट (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) उघडला की तांब्याचे वायसर नवीन टाकायचे. जुनेच वापरले की तिथनं हवा ओढते, आणि ती गळती डोळ्याला दिसत नाही, कारण डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. दहा-वीस रुपयांच्या वायसरनं अख्खा रविवार खाल्लेली माणसं मला माहिती आहेत.

रबर हा खरा शत्रू. लोखंड चाळीस वर्षं टिकतं, रबर टिकत नाही. ब्रेकचे डायफ्राम, हवेच्या नळ्या, फॅन बेल्ट, रेडिएटरचे पाइप, ऑइल सीलं, हे सगळं उभ्या गाडीत आपोआप म्हातारं होतं. बाहेरनं चांगलं दिसतं, वाकवून बघितलं की चिरा. माझा हिशोब सरळ आहे, हवेची आणि ब्रेकची रबरं फुटायची वाट बघायची नाही, संशय आला की बदलायची, बाकी रबरं गळल्यावर बघू. ब्रेकच्या हवेच्या टाकीचं पाणी तर गाडी उभी करताना प्रत्येक वेळी काढायचं. कॉम्प्रेसर जी हवा भरतो तिच्यात पाणी असतंच, ते टाकीत साठतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज पुढं व्हाल्व्हमध्ये जाऊन बसतो. खालचा कॉक ओढला की फुस्स करून तेलकट पाणी निघतं, एक मिनिटाचं काम. आबांच्या काळात हे किन्नरचं, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरचं, काम होतं, आता किन्नर मीच.

पावसाळ्यात अजून एक प्रकार होतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. गाडी चालू होते, क्लच दाबला, गिअर टाकायला गेलं की नुसती खरखर. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवा कायम ओली, म्हणून गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर पेडल दाबून सीटच्या फळीला लाकडाचा टेकू लावून ठेवायचं. हे आबांनी शिकवलं आणि हे कुठल्याही शोरूमच्या माणसाला विचारलं तर तो हसतो. हसू दे.

उंदरांबद्दल काही लिहित नाही, ज्यांच्याकडं उसाच्या रानाजवळ गाडी उभी असते त्यांना सांगायला नको.

घरी काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न जमिनीचा. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात दगडासारखी आणि दोन पाऊस झाले की लोणी. बाटली जॅक २० टनी असू दे नाहीतर ५० टनी, खालची जमीन बसली की जॅक तिरका होतो आणि गाडी अंगावर येते. आम्ही शेडखाली काँक्रीट घालून घेतलं, त्याच्या आधी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरावर जाड पत्रा टाकून काम चालवायचो. गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही म्हणजे नाही, चेसीला घोडी (लोखंडी स्टँड) लागली पाहिजे, जे चाक उचललं नाही त्याला पुढनं-मागनं दगड लागला पाहिजे. हवेच्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका, रात्रीत हवा उतरते. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत, हे नव्या पोराला सांगायचं राहिलं की तो व्हील पान्याला पाइप लावून, पाइपावर उभा राहून, नट अजून आवळत असतो.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हाल्व्हवरची फट मापात करणं, हे माझं आवडतं काम. मी नोकरी करतो ती मशिन शॉपमध्ये, मापं घेण्यातच दिवस जातो, त्यामुळं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घेतलं की बरं वाटतं. इंजिन थंड असताना इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. आमचे मेस्त्री मिलिमीटर म्हणत नाहीत, ते आठ-बारा म्हणतात, आठ थाव आणि बारा थाव, इंचाचा हजारावा भाग, आणि हिशोब बरोबर तोच येतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पुस्तक नको, खुणा नकोत, एवढंच लक्षात ठेवायचं की जोड्या १-६, ५-२ आणि ३-४ अशा आहेत. सहा नंबरचे दोन्ही व्हाल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की एक नंबरचे दोन्ही सेट करायचे. मग इंजिन थोडं फिरवायचं, दोन नंबरचे हलायला लागले की पाच नंबर. असं करत सहाही होतात. फिलर सरकताना जरा धरून सरकला पाहिजे, मोकळा नको आणि अडकून पण नको. आबा खुर्ची टाकून बाजूला बसतात, त्यांना आता नीट दिसत नाही, पण गाडी चालू केली की कुठला टॅपेट वाजतोय ते कानानं सांगतात आणि दरवेळी बरोबर निघतं, ह्याचा मला थोडा रागच येतो.

हवेचा फिल्टर ऑइल बाथचा आहे, कागदाचा नाही. खालच्या वाटीत ऑइल, वर जाळी, धूळ ऑइलात बसते. रॉकेलनं धुवायचा, नवीन ऑइल खुणेपर्यंत भरायचं, खुणेच्या वर नाही, नाहीतर इंजिन ते ऑइल ओढतं आणि निळा धूर सोडतं. फिल्टर विकत घ्यायला लागत नाही कधीच. गिअरबॉक्सला ९० नंबरचं ऑइल, क्राऊनला १४० नंबरचं, किंगपिन (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती पिन), शॅकल आणि जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस, आणि ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं, दोन पिचकाऱ्या मारून पुढं जायचं नाही. निपल (ग्रीस आत जायचं तोंड) चोंदलेलं असेल तर बदला, पाच मिनिटांचं काम आहे, निपल चोंदलं म्हणून सोडून दिलेला किंगपिन पुढं एक्सल उतरवायला लावतो.

चेसीला गंज लागू नये म्हणून काळं (वापरलेलं) ऑइल मारायची पद्धत सगळीकडं आहे, आम्ही पण मारतो, पण हात राखून. ते रबरावर गेलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून ब्रेकच्या नळ्या आणि रबरी बुश सोडून, ब्रशनं मारायचं, पंपानं फवारायचं नाही. रेडिएटरात बोअरचं पाणी घालायचं नाही, आमच्याकडच्या पाण्यात एवढा क्षार आहे की घरातल्या गिझरची कॉइल टिकत नाही, मग इंजिनाच्या जॅकेटात काय होत असेल. पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि त्यात कूलंट घालतो.

आता घरी काय करायचं नाही. डिझेल पंप उघडायचा नाही. एअर काढणं वेगळं आणि पंप उघडणं वेगळं, तो टेस्ट बेंचवर लावून प्रत्येक लाइनचं डिझेल मोजून सेट करतात, अंदाजपंचे जमत नाही. नोजल पण तिथंच चेक करून घ्यायची. दुसरं, टायर. चाकाच्या जुन्या डिस्कला टायर धरून ठेवणारी लॉक रिंग असते, टायरात १०० पौंडांच्या आसपास हवा भरताना ती रिंग नीट बसली नसेल तर उडते, आणि उडाली तर समोर कोण आहे ते बघत नाही. चाक सहज ८० किलोच्या वर असतं, ते पण हवेत जातं. पंक्चरवाला पिंजऱ्यात किंवा साखळी गुंडाळून भरतो का बघा, भरत नसेल तर दुसरा शोधा. तिसरं, ब्रेकचे लायनर रिबेट मारून बसवायचं काम बाहेरून करून घ्या, आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत गेली की परत निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या भागात सगळे मेस्त्री हवाच मारतात आणि बोललं की म्हणतात आम्हाला काय झालंय.

कागदांचं थोडक्यात. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना व्हीए सिरीजचा वेगळा नंबर, वीस हजार फी, दहा वर्षं मुदत. पण ते दुचाकी आणि कारसाठी, आणि खासगी वापराच्याच. ट्रक त्यात बसतच नाही. म्हणजे १९६० ची फियाट वारसा आणि त्याच साली निघालेला टाटा-मर्सिडीज ट्रक नुसता म्हातारा. ह्या देशातला धान्य-सिमेंट-साखर सगळं ज्यानं वाहिलं त्याला विंटेज म्हणायला सरकारी कागदात जागा नाही, हे मला पटत नाही. आमची गाडी अजून पन्नाशीची पण नाही झाली, पण झाली तरी फरक पडणार नाही. तोपर्यंत फिटनेस काढत राहायचं, आणि त्याची फी १५ वर्षांच्या वरच्या जड गाडीला एप्रिल २०२२ लाच १२,५०० केली होती. इन्शुरन्स वेगळा, टॅक्स वेगळा. हौसेच्या मानानं महाग आहे, मान्य.

तरी एक सांगतो, शेजारच्याची बीएस-६ गाडी आहे, नवीकोरी, एसी केबिन, आणि मध्ये एक सेन्सर बिघडला तर गाडी दम धरेना, लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत भरल्या मालासकट उभी. आमच्या गाडीचं इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालतं, बंद करायला स्टॉपर ओढायचा. धूर मात्र नव्या गाडीचा आमच्यापेक्षा कितीतरी कमी, ते पण खरं, आणि रोजच्या धंद्याला मी कुणालाही जुनी गाडी घे म्हणून सांगणार नाही.

सध्या काम काढलंय पुढच्या एक्सलचं. स्टेअरिंगला पॉवर नाही, त्यात किंगपिनचे बुश गेलेले, त्यामुळं वळवताना खांदे भरून यायचे. पिन आणि बुश दोन्ही बाजूचे आणलेत, डाव्या बाजूचे बसले, उजव्या बाजूला बुश बसवल्यावर रिमर (भोक मापात करायचं हत्यार) मारायचा राहिलाय, तो रिमर उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या दुकानातून आणायचाय, त्याच्याकडं एकच आहे आणि तो दुसऱ्या कुणीतरी नेलाय. खंडेनवमीच्या आत गाडी चाकावर आलीच पाहिजे, कारण घोडीवर उभ्या असलेल्या गाडीला आबा हार घालणार नाहीत, तसं त्यांनी आताच सांगून ठेवलंय.